घरापर्यंतचे फायबर आणि अखेरच्या शंभर मीटरचा प्रश्न

घरगुती इंटरनेटच्या जाहिरातींत 'फायबर' हा शब्द आज इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्याची व्याप्ती ठरवल्याशिवाय या विषयाचा आढावा सुरूच करता येत नाही. पूर्ण फायबर जोडणी म्हणजे सेवा कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या भिंतीवरील पेटीपर्यंत संकेत सलग काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपात येणे, आणि वाटेत कोठेही तांब्याची तार किंवा बिनतारी टप्पा नसणे. महाराष्ट्रातील शहरांत 'फायबर' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक जोडण्या या कसोटीला उतरत नाहीत. फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंत येते, तिथे एका पत्र्याच्या पेटीत स्विच बसवलेला असतो आणि तिथून खाली प्रत्येक घरात साधी लॅन केबल सोडलेली असते. २०२३ साली मोठ्या कंपन्यांनी ५-जी लहरींवर चालणारी जी घरगुती सेवा आणली, तिच्या नावात 'एअरफायबर' हा शब्द आहे. प्रत्यक्षात घरापर्यंतचा टप्पा तिथे हवेतून पार होतो. हा घोळ भारतापुरता नाही. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील कपाटापर्यंत फायबर आणि पुढे जुनी टेलिफोनची तार अशा सेवेलाही 'फायबर' म्हणण्यास जाहिरात नियामकाने २०१७ मध्ये हरकत घेतली नाही, त्याविरुद्ध एक फायबर कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये तिचा दावा फेटाळला गेला. 'फुल फायबर' असे वेगळे नाव तिथे रूढ होण्यामागे हे एक कारण आहे. भारतात असा वाद कोणी गांभीर्याने घातलेला नाही, आणि ग्राहकही तो घालत नाही, कारण त्याचे लक्ष जाहिरातीतील वेगाच्या आकड्याकडे असते.

या लेखाचे म्हणणे असे की, घरापर्यंत फायबर नेण्याचा तांत्रिक प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. जो सुटलेला नाही तो वाटेचा आहे. केंद्रापासून कित्येक किलोमीटरचे अंतर प्रकाश विनासायास कापतो आणि सेवेचा दर्जा मात्र अखेरच्या शंभर मीटरमध्ये ठरतो, म्हणजे खांब, गटाराची कड, सोसायटीचा डक्ट, खिडकीच्या चौकटीतील भोक आणि त्या पट्ट्यात काम करणारा माणूस यांवर.

काचेच्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये १९५०च्या दशकात काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याचे प्रयोग केले. परंतु त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विरून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की, हा दोष काचेचा स्वभाव नसून तिच्यातील अशुद्धींमुळे आहे, आणि दर किलोमीटरला होणारी घट २० डेसिबलच्या आत आणता आली तर काच दूरसंचाराला उपयोगी पडेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तीन शास्त्रज्ञांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या साध्या एकपथी तंतूत, म्हणजे ज्याच्या सुमारे ९ मायक्रॉन रुंद गाभ्यातून प्रकाशाचा एकच मार्ग जातो अशा तंतूत, ही घट १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास असते. काओ यांना २००९ साली नोबेल मिळाले. हा तंतू परदेशातूनच येतो असेही नाही: छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत, आणि पुण्याजवळच्या उर्से येथे व गोव्यात फिनोलेक्स प्रकाशीय केबल बनवते.

घरगुती फायबरचे जाळे ज्या रचनेवर उभे आहे तिला निष्क्रिय प्रकाशीय जाळे म्हणतात. 'निष्क्रिय' एवढ्यासाठी की, केंद्र आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारे एकही उपकरण नसते. केंद्रात, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच्या एखाद्या खोलीत किंवा केबलचालकाच्या गाळ्यात, ओएलटी नावाचे यंत्र असते. त्याच्या एका तोंडातून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्याच विभाजकाने, ज्याला सगळे स्प्लिटर म्हणतात, ८, १६, ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, आणि प्रत्येक घरी ओएनटी नावाची पेटी त्या प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतात रूपांतर करते. केंद्राकडून येणारा संदेश सर्व घरांना एकदमच पोहोचतो. प्रत्येक पेटी स्वतःच्या नावाचा तेवढा भाग उचलते आणि उरलेला सोडून देते, आणि तो दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक केलेला असतो. उलट दिशेने मात्र सगळ्यांनी एकाच वेळी पाठवले तर गोंधळ होईल, म्हणून केंद्र प्रत्येक पेटीचे अंतर मोजते आणि तिला बोलण्याची वेळ नेमून देते. जी-पॉन या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात घराकडे येणारा एकूण वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट आणि घरातून जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट असतो. लहान सेवादार मात्र बऱ्याचदा ई-पॉन हे स्वस्त प्रमाण वापरतात, ज्यात वापरता येईल असा वेग दोन्ही दिशांना प्रत्येकी एक गिगाबिटच्या घरात राहतो.

येथे साधा भागाकार उद्बोधक आहे. जी-पॉनच्या एका तोंडावर ६४ घरे असतील आणि सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० मेगाबिटही येणार नाहीत, आणि ई-पॉनवर तर सोळाच्या आसपास. तरीही या घरांना शंभर, दोनशे, तीनशे मेगाबिटच्या योजना विकलेल्या असतात. यात फसवणूक आहे असे सरसकट म्हणता येत नाही. अतिसुस्पष्ट चित्रपटालाही पंधरा ते पंचवीस मेगाबिट पुरतात, आणि सगळी घरे एकाच क्षणी मोठी फाईल उतरवत नाहीत, या अनुभवावरच जगभरची जाळी आखली जातात. खरी अडचण वरच्या टप्प्यात येते: लहान सेवादाराने मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेली क्षमता रात्री नऊच्या सुमारास भरून जाते, लोकप्रिय चित्रफितींचे साठे त्याच्या स्वतःच्या केंद्रात ठेवलेले असल्याने त्या सुरळीत चालतात, वेगमापनाचा आकडाही उत्तम दिसतो, आणि कार्यालयाच्या दूरच्या सर्व्हरशी काम करणारा माणूस तेवढा अडकून पडतो. अशा वेळी काचेला दोष देण्यात अर्थ नसतो.

प्रत्यक्ष जोडणीचे काम जवळून पाहिले तर वाटेचा प्रश्न कसा निर्माण होतो ते कळते. तंत्रज्ञ सोबत काळ्या चपट्या ड्रॉप केबलचे भेंडोळे आणतो. या केबलच्या मधोमध एक किंवा दोन तंतू आणि दोन्ही बाजूंना ताण सोसण्यासाठी पोलादी किंवा काचतंतूच्या काड्या असतात. केबल खांबावरून किंवा डक्टमधून घराबाहेर आणून खिडकीच्या चौकटीतून, नाहीतर वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून, आत घेतली जाते. भोकाच्या बाहेर केबलला खाली झुकणारा वळसा द्यावा लागतो, नाहीतर पावसाचे पाणी तिच्या अंगावरून थेट भिंतीत उतरते. घाईच्या कामात हाच वळसा सर्वांत आधी विसरला जातो. आत आल्यावर केबलचे टोक सोलले जाते, तंतूवरचे रंगीत आवरण काढून तो अल्कोहोलने पुसला जातो, क्लीव्हर नावाच्या हत्याराने काटकोनात छाटला जातो, आणि मग दोनपैकी एक वाट धरली जाते. यंत्राने विजेच्या ठिणगीत दोन टोके वितळवून सांधली तर सांध्यात होणारी घट ०.१ डेसिबलच्या आत राहते; हे स्प्लायसिंग. दुसरी वाट म्हणजे फास्ट कनेक्टर, ज्यात तंतू नुसता एका प्लॅस्टिकच्या खाचेत दाबून बसवला जातो. हा मिनिटाभरात बसतो, त्याला महागडे यंत्र लागत नाही, आणि उष्णतेने, धुळीने किंवा कोणी झाडलोट करताना पेटी ओढल्याने तो सैल होतो. छाटलेल्या तंतूचे कण चिकटपट्टीवर गोळा करणे हा कामाचाच भाग असला पाहिजे, कारण डोळ्याला न दिसणारा काचेचा तो तुकडा तळपायात गेला तर काढणे फार अवघड असते. बहुतेक घरांत मात्र तो फरशीवरच राहतो.

यानंतर तंत्रज्ञ प्रकाशमापक लावतो आणि कंपनीत फोन करून 'पॉवर' सांगतो. ही पॉवर म्हणजे घरी पोहोचलेल्या प्रकाशाची शक्ती, आणि ती एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणून उणे चिन्हाने सांगितली जाते. तीन डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा. उणे २० म्हणजे मिलिवॉटचा शंभरावा हिस्सा. केंद्रातून अधिक ३ इतका प्रकाश निघाला असे धरले, वाटेत आठ-आठ घरांचे दोन स्प्लिटर लागले तर प्रत्येकी साडेदहाप्रमाणे २१ डेसिबल तिथेच जातात, पाच किलोमीटर तंतू आणि चार-सहा सांधे यांत आणखी तीन जातात, आणि घरी उणे २१ पोहोचतो. सामान्य जी-पॉन पेटीला उणे २७ पर्यंत वाचता येते. म्हणजे सहा डेसिबलची शिल्लक. केबल कपाटामागे काटकोनात मुडपली, कनेक्टरच्या तोंडावर बोटाचा तेलकटपणा राहिला, खांबावरच्या पेटीत पाणी शिरले, की ही शिल्लक संपते आणि पेटीवर लाल दिवा लागतो. ज्या ग्राहकाला पहिल्या दिवशीच उणे २६ वर सोडून दिले जाते, त्याची जोडणी चालू असते, वेगही पूर्ण दिसतो, आणि पहिल्या पावसात ती बंद पडणार हेही त्याच दिवशी ठरलेले असते. योजनेचा दर आणि वेग यांची चौकशी करणाऱ्या ग्राहकाने बसवणीच्या दिवशी हा एक आकडा विचारून लिहून ठेवला तर पुढचे अनेक वाद सोपे होतील. दुर्दैवाने तो कोणत्याही पावतीवर छापला जात नाही.

अर्थात तंत्रज्ञाच्या हाती येते ती आधीच ठरून गेलेली वाट. भारतातील शहरांत घरगुती फायबरची वाट प्रामुख्याने डोक्यावरून गेलेली आहे, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या घरोघर पोहोचवणारे केबलचालक गल्लीगल्लीत तयार झाले. इमारतीवरून इमारतीवर, विजेच्या आणि दिव्याच्या खांबांवरून तारा नेण्याची त्यांची रीत १९९५च्या केबल कायद्याच्या आधीच रुळली होती. २०१२-१३ मध्ये मुंबईपासून सुरू होऊन पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत केबलचे सक्तीने अंकीयीकरण झाले, पुढे प्रेक्षक इंटरनेटवरील मनोरंजनाकडे वळले, आणि या चालकांनी त्याच वाटेने, त्याच खांबांवरून फायबर ओढले. मोठ्या कंपन्यांनीही हीच माणसे आणि हीच वाट घेतली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओची घरगुती फायबर सेवा सुरू होण्याच्या आदल्या वर्षी रिलायन्सने हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांमध्ये बहुसंख्य हिस्सा घेण्याचे जाहीर केले होते. बीएसएनएलही आपली घरगुती फायबर सेवा बहुतांशी स्थानिक भागीदारांकडून, उत्पन्नात वाटा देऊन, चालवते. तेव्हा ग्राहकाने नाव कोणत्याही कंपनीचे निवडले तरी दारात येणारा माणूस पुष्कळदा तोच असतो.

या वाटेची रचना तिच्या जन्मासारखीच आहे. आखीव जाळ्यात एका ठिकाणी स्प्लिटर बसवून तिथून सर्व घरांना समान तंतू जातात. केबलचालकाच्या जाळ्यात मात्र खांबामागून खांब एकच तंतू धावतो आणि प्रत्येक खांबावर असमान विभाजक, ज्याला तो कपलर म्हणतो, थोडा प्रकाश काढून घेतो व बाकीचा पुढे सोडतो. आरंभी कोठे १० टक्के काढायचे आणि शेवटी कोठे ५० याचा हिशेब नीट केलेला असतो. नंतर मधल्या खांबावर चार नवीन जोडण्या दिल्या जातात आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यासारखी शेवटच्या घराची अवस्था होते. शिवाय हा तंतू तुटला की त्यापुढच्या सगळ्या घरांची जोडणी एकदम बंद होते. या पद्धतीची चेष्टा करणे सोपे आहे, पण तिच्यामुळेच अनेक गावठाणांत, अरुंद बोळांत आणि चाळींत, जिथे मोठ्या कंपनीचा आराखडा पोहोचला नसता, तिथे फायबर पोहोचले, हे मान्य करावे लागते.

डोक्यावरची वाट जितकी स्वस्त तितकीच बेभरवशाची. कोकणात जून ते सप्टेंबर झाडाची एक फांदी पडली की अर्धा वाडा इंटरनेटविना राहतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन परिसरात आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आणि पुढच्या मे महिन्यातील तौक्तेने रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात खांबांबरोबर केबलीही आडव्या केल्या, आणि तो नेमका घरून काम आणि घरून शाळा यांचा काळ होता. महावितरणच्या खांबांवर केबल बांधण्याला परवानगी लागते, भाडे लागते, आणि जिवाचा धोका तर असतोच. गोव्यात वीज खात्याच्या खांबांवरील केबलींचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. शहरांत महापालिका अधूनमधून मोहीम काढून लोंबत्या केबली कापते. दोन दिवसांत त्या पुन्हा बांधल्या जातात, कारण त्यांना जायला दुसरी जागा दिलेली नसते. कापणाऱ्याचे आणि बांधणाऱ्याचे दोघांचेही काम चालू राहते आणि मधल्या दोन दिवसांचे पैसे ग्राहक भरतो.

जमिनीखालची वाट टिकाऊ, पण महाग आणि परवानग्यांनी वेढलेली. दूरसंचार खात्याच्या जुन्या प्रमाणानुसार मातीत प्रकाशीय केबल १.६५ मीटर खोल पुरायची असते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात किंवा कोकणच्या जांभ्यात तेवढे खोदणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. प्लॅस्टिकची नळी पुरून तिच्यातून दाबाच्या हवेने केबल फुंकणे, रस्ता न उकरता आडवे छिद्र पाडत नळी नेणे, या पद्धती उपलब्ध आहेत. खर्चाचा मोठा वाटा मात्र केबलीचा नसून खोदाई, रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आणि परवानगीसाठी लागणारा वेळ यांचा असतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे, म्हणजे सार्वजनिक जागेतून तारा नेण्याच्या हक्काचे, नियम केले. २०२२ मध्ये अर्जांसाठी गतिशक्ती संचार हे संकेतस्थळ आणले. २०२३च्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम झाले आणि ते १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. खोदणाऱ्याने आधी खालच्या केबलवाल्याला कळवावे यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही सुरू झाले. कागदावर ही साखळी पूर्ण दिसते. परंतु एकाच रस्त्याखाली एका वर्षात तीन कंपन्या तीन वेळा खोदतात, आणि चौथ्यांदा जलवाहिनीसाठी आलेला जेसीबी तिघांचेही तंतू उचकटतो, याला खरे उत्तर एकच आहे: रस्ता बांधतानाच महापालिकेने सामायिक नळ्या घालाव्यात आणि त्या सर्वांना समान भाड्याने द्याव्यात. मुंबईत आणि पुण्यात रस्त्यांचे काँक्रिटीकरण चालू असताना ही संधी जिथे हुकली, तिथे ती पुढची पंचवीस-तीस वर्षे हुकलेलीच राहील.

इमारतीच्या आतली वाट हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. जुन्या सोसायट्यांत टेलिफोन आणि विजेसाठी ठेवलेला डक्ट केव्हाच भरून गेलेला असतो. त्यात मृत केबलींचे थर साचलेले असतात, कारण जोडणी तोडणारी कंपनी केबल काढून नेत नाही. नवीन केबल मग जिन्याच्या कठड्यावरून, सांडपाण्याच्या पाइपाला बांधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून लोंबत जाते, आणि इमारतीला रंग देण्याची वेळ आली की रंगारी ती कापतो. नवीन संकुलांत डक्ट प्रशस्त असतो, पण विकासकाने किंवा पुढे कमिटीने एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना दार बंद केलेले आढळते. बदल्यात क्लबहाऊसला फुकट वाय-फाय किंवा सोसायटीच्या खात्यात वार्षिक रक्कम येते, आणि सभासदाचा निवडीचा हक्क जातो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ मध्ये इमारतीतील प्रवेशाबाबत शिफारशी करताना अशा मक्तेदारीला विरोध केला; केंद्र सरकारने २०२२ मध्ये आदर्श इमारत उपविधींना पुरवणी जोडून सामायिक दूरसंचार सुविधेची तरतूद सुचवली; आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना अंकीय जोडणीच्या दर्जानुसार तारांकन देण्याचे विनियम काढले. तारांकन ऐच्छिक आहे. तेव्हा सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आणणे आणि सर्व कंपन्यांसाठी एकच सामायिक तंतुजाल घालून घेण्याचा ठराव करणे, हाच आज सभासदाच्या हातातला सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो; पार्किंगच्या वादातून वेळ उरला तर.

ग्रामीण भागात प्रश्नाचे रूप बदलते. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेने तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे ठरवले. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक ग्रामपंचायतींचे काम डिसेंबर २०१७ पर्यंत झाले, आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट' या नावाने ते स्वतः हाती घेतले. पंचायतीत पेटी बसली, पण ती कुलूपबंद कार्यालयात, बॅटरी मृत झालेली, वीज गेली की बंद, अशी अवस्था अनेक गावांनी पाहिली, कारण तंतू एकेरी होता, दुरुस्तीची जबाबदारी कोणाची ते स्पष्ट नव्हते आणि पंचायतीपासून घरापर्यंत कोण नेणार याचा विचारच नंतर झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची तरतूद असून त्यात वलयाकार रचनेवर, म्हणजे एका बाजूने तंतू तुटला तरी दुसऱ्या बाजूने संकेत येईल अशा मांडणीवर, आणि दीर्घ मुदतीच्या देखभालीवर भर आहे. आधीच्या चुकांची दुरुस्ती योग्य दिशेने झाली आहे, असे म्हणता येईल; मात्र तालुका ते पंचायत हे अंतर वलयाने सुरक्षित झाले तरी पंचायत ते वाडी हे अंतर पुन्हा त्याच खांबावरच्या ड्रॉप केबलीवर आणि गावातल्या एखाद्या होतकरू तरुणावर अवलंबून राहते.

घराच्या आत शिरल्यावर काही गोष्टींचा ओझरता उल्लेख पुरेसा आहे. जुना टेलिफोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालत असल्याने घरची वीज गेली तरी बोलता येत असे. फायबरवर तसे नाही, पेटीला घरचीच वीज लागते. ब्रिटनमध्ये तांब्याचे टेलिफोनजाल जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरल्यापासून एकट्या वृद्धांच्या आपत्कालीन घंटांचे काय, हा तिथे कळीचा प्रश्न झाला आहे. भारतात मोबाइलमुळे त्याची धार कमी आहे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस दोन-चार तासांची सोय करतो. वेग कमी येतो या तक्रारींपैकी मोठा भाग २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजलेल्या वाय-फायचा आणि मधल्या भिंतींचा असतो. शंभर मेगाबिटचेच तोंड असलेल्या स्वस्त राउटरला तीनशेची योजना लावणारेही कमी नाहीत. घरचा कॅमेरा बाहेरून पाहता येत नाही, याचे कारण अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो. स्वतंत्र पत्त्याचे पैसे वेगळे पडतात. 'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, आणि दर सांगताना १८ टक्के कर सांगितला जात नाही, म्हणून ३९९ची योजना प्रत्यक्षात ४७१ रुपयांना पडते.

नियमनाची बाजू तपासली तर एक विसंगती ठळकपणे दिसते. ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची सरकारी मर्यादा २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली, आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. घरगुती फायबर विकताना सहसा कोणी ३०-४० मेगाबिटच्या खाली बोलत नसताना ही मर्यादा तारेच्या जोडणीच्या बाबतीत निरर्थक ठरते. तारेवरचे ब्रॉडबँड ग्राहक देशात चार कोटींच्या आसपास आणि मोबाइलवरचे त्यांच्या वीसपट, त्यामुळे नियामकाचे लक्ष दुसरीकडे असणे समजण्यासारखे आहे. सेवेच्या दर्जाचे २००६चे विनियम, ज्यांत तीन दिवसांहून जास्त बंद राहिलेल्या जोडणीसाठी बिलातून सूट देण्याची श्रेणी होती, ते जाऊन १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे लागू झाले. तक्रार आधी कंपनीच्या कक्षाकडे आणि मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे करायची असते. त्यापलीकडे ग्राहक आयोगाचे दार उघडे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण ही सारी यंत्रणा परवानाधारक कंपनीला जबाबदार धरते. खांबावरची पेटी ज्याची आहे तो स्थानिक भागीदार, डक्टची किल्ली ज्याच्याकडे आहे ती कमिटी आणि रस्ता ज्याने उकरला तो ठेकेदार, हे तिघेही तिच्या कक्षेत थेट येत नाहीत. परिणामी 'लाइन वरूनच गेली आहे' हे उत्तर ग्राहकाला अंतिम मानून घ्यावे लागते, आणि ते खरे की खोटे हे तपासण्याचे एकमेव साधन त्या तंत्रज्ञाच्याच खिशातला प्रकाशमापक असते. हे मापन पेटी स्वतः सतत करत असते, केंद्रातल्या पडद्यावर ते दिसतही असते. ते ग्राहकाच्या ॲपमध्ये, बंद पडल्याच्या वेळेसह, दाखवणे कंपन्यांना बंधनकारक करायला तांत्रिक अडचण काहीच नाही.